चंद्रधूळ शीटवरच का पडून राहते?

प्रश्न वाशीम जिल्ह्यातल्या एका भाऊंचा आहे. सात महिन्यांपासून ते गावातल्या पाच पोरांना घेऊन डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळवतात. या खेळात एक जण गोष्ट पुढे नेतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, काय जमलं ते फासे ठरवतात, आणि प्रत्येक पात्राची नोंद एका कागदावर, म्हणजे शीटवर, असते. क्राफ्टिंगसाठी, म्हणजे सामान जमवून खेळात नव्या वस्तू बनवण्यासाठी, त्यांनी १२० अजब वस्तूंची यादी केली आहे: चंद्रधूळ, परीचे अश्रू, ड्रॅगनचा दात, सावलीचा तुकडा, असं बरंच काही. लूट मिळाली की पोरं शीटवर नाव लिहून घेतात आणि नंतर त्या वस्तूचं नावही काढत नाहीत. आता त्यांना याहून भन्नाट यादी हवी आहे आणि क्राफ्टिंगचे सोपे नियम हवे आहेत.

भाऊ, यादी मी देणार नाही. हातचं राखून ठेवतोय असं समजू नका. यादी लांबवल्याने हा आजार वाढतो, हे मी स्वतःवर करून पाहिलंय. मी झाडीपट्टीतला, नागभीडच्या बाजूचा. अकरा वर्षं झाली, शनिवारी संध्याकाळी वाचनालयाच्या ओसरीत आमचा डाव बसतो. सध्या सहा जण आहेत. त्यात धानगिरणीवर काम करणारा एक जण आहे, नर्सिंग शिकणारी एक मुलगी आहे आणि दोघे सख्खे भाऊ आहेत, जे घरचं भांडण टेबलावर आणतात. सुरुवातीला मीही तुमच्यासारखाच होतो. २०१४च्या आवृत्तीच्या खेळाडूंच्या पुस्तकात १०० किरकोळ वस्तूंचा तक्ता आहे, फासे टाकून त्यातली एक मिळते. तो अख्खा तक्ता मी रात्री जागून मराठीत उतरवला, वर माझ्या पदरच्या साठेक वस्तू घातल्या. तिसऱ्याच शनिवारी गिरणीवाल्याने शीटवरून मान वर केली आणि विचारलं, "पण हे कायच्या कामाचं जी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'प्लस टू मिळेल', म्हणजे फाशाच्या आकड्यात दोनची भर, असं काहीतरी बोललो. त्याने प्लस टू लिहून घेतलं आणि विषय संपला.

तुमची खरी अडचण तीच आहे. नावं चांगली आहेत, पण 'परीचे अश्रू' मिळाल्यावर पोराने करायचं काय? ते कशात ठेवायचे, किती दिवस टिकतात, परी कशाने रडली, यातलं काहीच समोर येत नाही. वस्तू पिशवीत गेली की तिचा त्रास संपतो, आणि जिचा त्रास नाही ती वस्तू कोणाच्या लक्षात राहत नाही. घरातलंच बघा. कपाटातल्या चांदीच्या वाटीचा विषय वर्षात एकदा निघतो, पण नळाखाली लावायच्या बादलीवरून रोज बोलणं होतं. म्हणून मी आता आधी वस्तूची अट ठरवतो आणि नाव शेवटी देतो. ती कशी मिळवायची, कशी सांभाळायची, कशाने वाया जाते, एवढं ठरलं की तिचा गुण त्या अटीतूनच आपसूक निघतो.

एक उदाहरण नीट सांगतो. आमच्याकडे मार्च-एप्रिलात मोह पडतो. फुलं रात्री उशिरापासून पहाटेपर्यंत टपटप गळतात, आणि बायामाणसं अंधारातच टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. अस्वलालाही मोह फार आवडतो, त्यामुळे त्या वेळी झाडाखाली आधी कोण पोचलंय याची खात्री नसते. यातून मी एक वस्तू केली, 'अधांतरी मोह'. म्हणजे जमिनीला एकदाही न टेकलेलं मोहफूल. गुण असा की ते जिभेवर ठेवलं तर उंचावरून पडणारा माणूस एक श्वासभर हवेत थांबतो. फुलालाच जमीन ठाऊक नाही, तर खाणाऱ्याला ती कशी लागेल? पोरांना हा तर्क सांगावा लागला नाही, त्यांनीच तो मला सांगितला.

मिळवायचं कसं, तर रात्रभर झाडाखाली चादर ताणून धरायची. मी घरून खरी चादर आणली होती. चौघांना चार टोकं धरून ओसरीत उभं केलं आणि सांगितलं, ज्याचा हात खाली गेला त्याच्या बाजूची फुलं गेली. दहा मिनिटांत खांदे भरून आले. तेवढ्यात मी गोष्टीत अस्वल आणलं. चौघांचेही हात अडकलेले, तलवारीला हात घालायचा तर चादर सोडावी लागणार. सगळे माझ्याकडे बघायला लागले. गिरणीवाला एरवी महिन्यात चार वाक्यं बोलतो, तो अस्वलाला म्हणाला, "मामा, तुमचा वाटा किती?" त्या रात्री अर्धा मोह मामाने खाल्ला आणि सात फुलं यांना मिळाली.

पण गंमत त्यानंतर सुरू झाली. फूल जमिनीला टेकवायचं नाही, म्हणजे ज्या पिशवीत ते आहे ती पिशवीही खाली ठेवता येत नाही. आता आमची मंडळी कुठल्याही सराईत शिरली की खाटेच्या आधी खुंटी विचारते. एकदा राजवाड्यात साष्टांग नमस्कार घालायची वेळ आली, तेव्हा पिशवी कोणी धरायची यावरून दोघे भाऊ दरबारातच भांडले आणि राजाला वाटलं हे आपला अपमान करतायत. हे मी लिहून आणलेलं नव्हतं. खाली ठेवायचं नाही, एवढीच अट मी दिली होती. त्यातलं एक फूल तीन वर्षांनंतरही शिल्लक आहे.

काही वस्तूंना तर तुम्हाला नवी अटही शोधावी लागत नाही, ती मुळातच असते. भंडारा-गडचिरोलीकडे ऐनाच्या, अर्जुनाच्या झाडांवर टसर रेशमाचे किडे वाढवतात, त्यांच्या कोशाला कोसा म्हणतात. पाखरू कोसा फोडून बाहेर आलं तर सलग धागा निघत नाही, म्हणून लांब धागा हवा असेल तर पाखरू आत असतानाच कोसा उकळावा लागतो. मी हे जसंच्या तसं खेळात ठेवलं. फक्त कोसा डोक्याएवढा केला, आणि आत काय आहे ते सांगितलं नाही. रात्री आतून हळू आवाजात कोणीतरी पाढे म्हणतं, एवढंच. धाग्यातून न तुटणारा दोर होणार होता, आणि दोराशिवाय दरी ओलांडता येणार नव्हती. त्या शनिवारी एकही फासा पडला नाही. दीड तास नुसता वाद. नर्सिंगवाली म्हणाली, जो सतराचा पाढा बरोबर म्हणतो त्याला मी उकळू देणार नाही. शेवटी त्यांनी दरी ओलांडलीच नाही, सहा दिवसांचा वळसा घातला. माझी तयारी वाया गेली, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

आता मजेशीर वस्तू सुचणार कुठून, हा तुमच्या प्रश्नातला दुसरा भाग. माझं म्हणणं, परदेशी यादी उतरवण्याआधी आपल्या म्हणी उघडा. मूळ खेळातही मंत्रांचं सामान तिकडच्या ओळखीच्या गोष्टींतून आणि म्हणींतूनच घेतलेलं आहे. फायरबॉलच्या, म्हणजे आगीच्या गोळ्याच्या, मंत्राला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक लागतं. त्या विष्ठेतून सोरा मिळतो, सोरा आणि गंधक म्हणजे बंदुकीच्या दारूच्या तीन सामानांतली दोन. विजेच्या मंत्राला केसाळ कातड्याचा तुकडा आणि काचेची किंवा राळेची कांडी लागते. शाळेत कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचो, तोच हा प्रयोग. आणि दुसऱ्याच्या मनातलं ओळखायच्या मंत्राला तांब्याचं नाणं, कारण इंग्रजीत 'एक पैसा देतो, मनात काय आहे ते सांग' अशा अर्थाची बोलण्याची पद्धत आहे. हे शेवटचं मी पोरांना समजावून सांगितलं. सगळे शहाण्यासारखे गप्प बसले. समजावून सांगावा लागलेला विनोद!

तेव्हा ते नाणं काढलं आणि तिथे तीळ ठेवला. बडबड्या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आपण म्हणतो. म्हणजे पूर्ण भिजलेला तीळ ही किती दुर्मिळ वस्तू! तो मिळवायचा तर असा माणूस शोधायचा की जो एक गुपित माहीत असताना रात्रभर तीळ तोंडात धरून गप्प राहील. तो तीळ ज्याच्या चहात पडेल त्याच्या पोटातलं ओठावर येणार नाही. आमच्या लोकांनी पूर्ण गाव पालथं घातलं आणि शेवटी एक सासू आणि एक सून सापडली, ज्या दोघी एकाच गुपितावर गप्प होत्या. ते गुपित काय होतं, यावर पुढचे तीन शनिवार गेले.

उंबराचं फूलही तसंच. बऱ्याच दिवसांनी दिसणाऱ्या माणसाला आपण उंबराचं फूल झालास म्हणतो, पण फूल असतं, ते फळाच्या आत असतं. एका रविवारी बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवरच्या उंबराची कच्ची-पिकली फळं आम्ही ब्लेडने चिरून पाहिली. आत बारीक कणांचा थर, तीच फुलं. एका फळातून मुंगीच्या अर्ध्याएवढे कीटक भुर्रकन उडाले, परागीभवन करतात ते हेच. धाकट्या भावाने लगेच नियम सांगितला: फळ फोडलं तर फुलाला हवा लागली, म्हणजे ते दिसलं, म्हणजे ते उंबराचं फूल राहिलंच नाही. मग मिळवायचं कसं? त्या कीटकाएवढं होऊन भोकातून आत जायचं. त्यासाठी लहान होण्याचा काढा, आणि काढ्यासाठी आणखी तीन वस्तू. अर्ध्या वर्षाचं कॅम्पेन, म्हणजे शनिवारमागून शनिवार चालणारी सलग गोष्ट, एका उंबरातून निघालं, आणि नियम माझा नव्हता, एका अकरावीतल्या पोराचा होता.

या प्रकारात मला सगळ्यात जास्त पुरलेली यादी भर्तृहरीची. नीतिशतकात अशक्य गोष्टी सांगितल्या आहेत: वाळू रगडून काढलेलं तेल, तहान भागवणारं मृगजळ, सशाचं शिंग. वामन पंडितांनी सतराव्या शतकात ते मराठीत आणलं, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांना शाळेपासून तोंडपाठ असतं. श्लोकाचा अर्थ असा की हे सगळं एखाद्या वेळी जमेल, पण मूर्खाची समजूत घालणं जमणार नाही. मी काय केलं, एका हट्टी राजाचं मन वळवणारं यंत्र करायचं काम दिलं, आणि सामान म्हणून याच तीन वस्तू लिहिल्या. आठ महिने गेले. तेलासाठी वैनगंगेची वाळू एका आंधळ्या तेल्याच्या घाणीवर आणली. तो म्हणाला, तेल निघेल, पण वाळूला आधी सांगायचं की ती तीळ आहे. सशाने शिंग दिलं तेही उसनं, पुढच्या वर्षी परत करायच्या बोलीवर. यंत्र तयार झालं, राजासमोर ठेवलं, आणि राजा ढिम्म. दोन मिनिटं कोणी बोललं नाही. मग नर्सिंगवाली जोरात हसायला लागली. तिला आजोबांकडून पाठ केलेला श्लोक शेवटच्या ओळीपर्यंत आठवला होता. बाकीच्यांनी मला शिव्या घातल्या, पण प्रेमाच्या होत्या.

इथे दोन गोष्टी मात्र कडक पाळा, कारण आपण गावात खेळतो. पहिली म्हणजे करणीच्या सामानाच्या आसपास फिरकू नका. टाचण्या मारलेलं लिंबू, काळी बाहुली, केस, राख, स्मशानातलं काही, यातलं काहीही खेळात घेऊ नका, गमतीतही नाही. तुमच्या ओसरीवरून जाणाऱ्या माणसाला तुमचं कॅम्पेन माहीत नसतं, त्याला एवढंच ऐकू येतं की पोरं रात्री बाहुलीला काहीतरी करतायत. आपल्याकडे संशयावरून माणसं मारली गेली आहेत आणि २०१३मध्ये जादूटोण्याविरोधी कायदा करावा लागला, हे विसरून चालत नाही. दुसरी गोष्ट, प्राण्यांचे अवयव. २०१४च्या नियमांत वस्तूची ओळख पटवण्याच्या मंत्राला घुबडाचं पीस लागतं. ते मी पहिल्याच वर्षी काढून टाकलं. घुबडं आणि खवल्या मांजरं आपल्याकडे अंधश्रद्धेपायीच मारली जातात, त्यात 'घुबडाच्या पिसात जादू असते' असं शनिवारच्या शनिवारी मी कशाला बोलू? त्याऐवजी आमच्याकडे आजीच्या चष्म्याची तुटलेली काडी चालते. आणि कोणी उत्साहाने खरं नख, साळिंदराचा काटा वगैरे घेऊन आलं तर टेबलावर ठेवू देऊ नका. वन्यजीव कायद्यात अडकायला एवढंही पुरतं.

खऱ्या वस्तूंबाबत माझी स्वतःची चूकही सांगून टाकतो. करारपत्रावर लावायची न पुसणारी शाई म्हणून मी बिब्बा ठेवला होता. परीट पूर्वी कपड्यांवर खूण करायला बिब्ब्याचंच तेल वापरायचे, डाग कधीच जात नाही. खेळातला गुणही छान जमला होता: बिब्ब्याने सही केलेला करार मोडत नाही, पण कुठेतरी एका कलमात बिब्बा पडतोच. हौसेने मी खरे बिब्बे आणले. थोरल्या भावाने एक दाताने फोडायला घेतला, मी ओरडलो म्हणून तोंड वाचलं, पण बोटांवर फोड आले ते पंधरा दिवस राहिले. त्याची आई ओसरीत येऊन जे बोलली ते बरोबरच होतं. तेव्हापासून टेबलावर चिंचोका, सागरगोटा, रिठा, वाळलेली शेंग, तुटकं बटण, असलंच काहीतरी.

वस्तू पहिल्यांदा हातात देताना मी खिरापतीची पद्धत वापरतो, आणि ही तुम्ही याच शनिवारी करून बघा. भुलाबाईची गाणी झाली की डबा खुळखुळवून खिरापत ओळखायला लावतात ना, तसंच. माचिसच्या रिकाम्या डबीत वस्तू घालायची, झाकण बंद करायचं, आणि डबी सगळ्यांच्या हातातून फिरवायची. प्रत्येकाने हलवून, वास घेऊन एकेक अंदाज सांगायचा. मी गपचूप लिहून घेतो. खरी गोष्ट ही की डबीत काय आहे ते अर्ध्या वेळा माझंही ठरलेलं नसतं. एकदा डबीत साधा हरभरा होता. एक म्हणाला उंदराचा दात, एक म्हणाला वाळलेला हुंकार. 'वाळलेला हुंकार' ऐकल्यावर मी माझी वही मिटली. डबी उघडली, आत हरभऱ्याएवढा वाळलेला हुंकार, पाण्यात टाकला की कोणीतरी 'हूं' म्हणतं. त्याच्या जोरावर त्यांनी एका पहारेकऱ्याला रात्रभर गोष्ट सांगत बसवलं. हुंकार येत होता, ऐकणारे मात्र केव्हाच भिंतीपलीकडे गेले होते.

त्या माचिसच्या डब्याच पुढे आमची इन्व्हेंटरी, म्हणजे जवळच्या सामानाची यादी, झाल्या. प्रत्येकाला तीनच डब्या. चौथी वस्तू हवी तर एक द्या, विका, वापरा किंवा गाडून ठेवा. शीटवर अजब सामान लिहायचंच नाही. हा एक नियम लावला तरी तुमची निम्मी अडचण सुटेल, कारण वस्तू ठेवायला जागा अपुरी पडली की तिच्याविषयी मत तयार होतं. डबीवर लग्नपत्रिकेचा कोरा तुकडा चिकटवतो, त्यावर नाव आणि अट एका ओळीत. गुण लिहीत नाही.

आता क्राफ्टिंगचे नियम, जे तुम्ही प्रामुख्याने विचारले होते आणि ज्यावर मला सगळ्यात कमी बोलायचंय. २०१४च्या नियमांत दिवसाला पाच सुवर्णनाण्यांएवढं काम होतं आणि कच्च्या मालाला वस्तूच्या निम्मी किंमत लागते. पूर्ण पोलादी चिलखताची किंमत १५०० नाणी, म्हणजे ३०० दिवस. कागदावर हिशेब बरोबर आहे, पण शनिवारी येणाऱ्या पोराला सांगा बरं की तुझं चिलखत पुढच्या दिवाळीला. मी दिवस मोजणं सोडलं. आमच्याकडे तीन सामानं लागतात, त्यातलं एक तरी डबीतलं, आणि मग पाच चिंचोके. चिंचोके दगडावर घासून फोडायचे, एक बाजू पांढरी, एक काळी. पाचही एकदम टाकायचे आणि पांढरे मोजायचे. वीस बाजूंच्या फाशात एक येण्याची आणि दहा येण्याची शक्यता सारखीच असते, दर वीस वेळांना एकदा. म्हणजे कसलेला लोहारही वीसातून एकदा तोंडघशी पडणार. चिंचोक्यांचं तसं नाही. पाच चिंचोक्यांचे ३२ प्रकारे डाव पडतात, त्यातले २० दोन किंवा तीन पांढऱ्यांचे. सगळे काळे किंवा सगळे पांढरे प्रत्येकी एकदाच. साधारण काम बहुतेक वेळा साधारणच होतं, क्वचित फसतं, क्वचित सोनं होतं. कारागिरी मला तशीच दिसते. घासलेला चिंचोका दोन्ही बाजूंनी अगदी सारखा पडत नाही, पण आपल्याला बँक चालवायची नाही.

आणि फसलं तरी सामान जळालं, वाया गेलं, असं कधी करू नका. आठवडे घालवून आणलेलं उंबराचं फूल एका डावात गेलं तर पोरगं पुढच्या वेळी काहीच आणणार नाही. शून्य पांढरे पडले तर वस्तू तयार होते, पण तिला खोड लागते. आमच्याकडे एक कंदील आहे, तो कोणी खोटं बोललं की लागतो. तयार करताना उजेडासाठी केला होता, आता दरबारात साक्षीपुराव्याला नेतात. अंधाऱ्या भुयारात जायची वेळ आली की एकमेकांना थापा मारत चालावं लागतं. "मी आज आंघोळ केली" म्हटलं की चार पावलं उजेड.

हे सगळं तुमच्याकडे असंच चालेल असं मात्र नाही. तुमची पोरं लहान असतील, सातवी-आठवीची, तर एका सेशनला दोन अटींपेक्षा जास्त त्यांच्या लक्षात राहत नाहीत. मारामारीतच रमणारा गट असेल तर कोशावर दीड तास वाद होणार नाही, तिथे वस्तू लढाईच्या ऐन मध्यात कामाला यायला हवी. आणि मोह तुमच्याकडे माझ्याएवढा घरचा नाही. तुमच्याकडे कापूस, तूर, सोयाबीन. फरदडीच्या, म्हणजे हंगाम संपल्यावरही शेतात राखलेल्या पिकाच्या, शेवटच्या बोंडातला कापूस घ्या, वेचणारीने ज्याच्याकडे पाठ फिरवली तो. तशा कापसाच्या वातीचा उजेड फक्त मागे वळून न पाहणाऱ्याला दिसत असेल तर? बंडीच्या चाकाचा न कुरकुरणारा आख, तिफणीच्या सरत्यात अडकून राहिलेला, न पेरला गेलेला दाणा. तुमच्या पोरांना तिफणीची माहिती तुमच्याहून जास्त असेल, त्यांनाच विचारा.

शिवाय लोणार तुमच्या शेजारच्या जिल्ह्यात आहे, हे मला इथून हेव्याचं वाटतं. काळ्या पाषाणात उल्केने पाडलेलं विवर, आत खारं पाणी, आणि जून २०२०मध्ये ते पाणी गुलाबी झालं होतं, मीठ मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. वर लवणासुराची कथा आहेच. तुमच्या जागी मी असतो तर 'लवणासुराचं मीठ' कधीच केलं असतं. भाजीत चिमूटभर पडलं की भाजी अमृतासारखी लागते. पण खाल्ल्या मिठाला जागायचं तर कोणाला? असुराला. आणि हे जेवून झाल्यावर कळतं.

राहिली तुमची १२० वस्तूंची यादी. ती फेकू नका, पोरांच्या शीटवर आधीच ज्या पंधरा-वीस वस्तू पडून आहेत त्यांच्यासाठी एक बाई गावात आणा. केसांवर भांडी देणारी येते ना, टोपली डोक्यावर घेऊन, गळलेले केस द्या आणि वाटी घ्या म्हणणारी, तशीच. तिला केस नकोत, तिला न वापरलेली लूट हवी. चंद्रधुळीवर ती पितळी गडवा देते, परीच्या अश्रूंवर झाकणाचा डबा. घासाघीस करते, माल हातात घेऊन उन्हात धरते, नाक मुरडते. तिला भाव विचारायला लावा आणि तुम्ही गप्प बसा. बहुतेक माल पोरं आनंदाने देऊन टाकतील. कुठेतरी एक पोरगं म्हणेल, "नाही, सावलीचा तुकडा नाही द्यायचा." तिने विचारावं, काहून नाही देत? तो जे उत्तर देईल ते माचिसच्या डबीवर लिहून टाका.